मातीच्या सैपाकखोलीची हुबेहूब छोटी प्रतिकृती कशी करावी आणि कशी जपावी

आमचं जुनं घर पाडून स्लॅबचं झालं, तेव्हा जुन्या सैपाकखोलीचा एकही फोटो घरात निघाला नाही. लग्नाचे, बारशाचे सगळे होते. चुलीचा कोण काढतो? म्हणून मी ती खोली हाताने पुन्हा उभी केली, चाळीस सेंटिमीटरच्या फळीवर. विदर्भातल्या मुलींच्या हाताला हे काम तसं नवं नाही. दिवाळीतलं मातीचं घरकुल, कोजागिरीला भुलाबाईभोवती उभे केलेले ज्वारीचे धांडे, तान्ह्या पोळ्याचे लाकडी बैल पाहतच आपण मोठे झालो. पण खेळण्यात नुसती खूण चालते, हुबेहूब वस्तूला माप लागतं.

आधी टेप घ्या

सुरुवातीला एकच खोली घ्या, जमल्यास एकच कोपरा. अख्खं घर घ्याल तर ते अर्ध्यावर पडून राहील. बाहुलीघरांसाठी जगभर १:१२ हे माप वापरतात, म्हणजे खऱ्या एका फुटाचा इथे एक इंच. नवी दिल्ली उभारणाऱ्या एडविन लुटियन्स यांनी इंग्लंडच्या राणी मेरीसाठी केलेलं, १९२४ मध्ये पूर्ण झालेलं बाहुलीघरही याच मापाचं आहे. ते आज विंडसरच्या किल्ल्यात आहे. आपल्याला हे माप सोयीचं, कारण गावात दार-खिडकी अजून फुटातच सांगतात. सहा फुटांचं दार सहा इंचांचं, अडीच फुटांचा रांजण अडीच इंचांचा, नऊ इंचांची वीट १९ मिलिमीटरची.

गावात एखादं मातीचं घर अजून उभं असेल तर तिथे जाऊन मोजा, आणि त्या घरात राबलेल्या म्हाताऱ्या बाईला सोबत घ्या. मी सगळं आठवणीने मांडलं होतं. मायनं एकदाच पाहिलं आणि म्हणाली, "अवं, रांजन त दाराजोळ होता. इथं कायले ठेवला?" मग आठवलं, बाहेरून आलेला माणूस पाय धुऊनच आत यायचा. रांजण हलवला आणि खोली ओळखीची झाली.

उंची-लांबी सगळेच मोजतात, जाडी मोजायची राहते. ज्वारीची भाकर २२ सेंटिमीटर रुंद आणि ४ मिलिमीटर जाड धरली, तर आपली भाकर १८ मिलिमीटर रुंद आणि जेमतेम कागदाच्या तीन पदरांइतकी जाड हवी. बहुतेकांची होते पुरीसारखी फुगीर. याउलट मातीची भिंत खरोखर दीड फूट जाड असते, म्हणून छोट्या भिंतीचीही दीड इंच जाडी खिडकीच्या कोनाड्यात दिसली पाहिजे. त्यासाठी पुठ्ठ्याच्या पट्ट्या एकावर एक चिकटवून भिंत भरा. खाली १२ मिलिमीटरचं प्लायवूड घ्या. पातळ फळी ओल्या मातीने वाकते.

माती

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. शेतातली काळी माती वापरू नका. ती पाणी पिऊन फुगते आणि वाळताना आकसते. उन्हाळ्यात वावराला हात जाईल एवढ्या भेगा पडतात, तशाच भेगा तुमच्या भिंतीलाही पडतील. जुनी माणसं घराला गावठाणातली पांढरी माती घ्यायची, तीच आणा.

माती कुटा, पिठाच्या चाळणीने चाळा आणि मग जुन्या सुती ओढणीतून पुन्हा गाळा. कारण आपण वस्तू बारा पटीने लहान करतो, पण मातीचा कण आहे तेवढाच राहतो. एक मिलिमीटरचा खडा या भिंतीत १२ मिलिमीटरच्या गोट्यासारखा दिसतो. धान्याचंही तेच. टोपल्यात ज्वारी म्हणून खसखस भरली तर ती बोरांएवढी वाटते. तिथे गाळलेली बारीक वाळू फिक्या पिवळ्या रंगात रंगवून घालावी.

चार वाटी गाळलेल्या मातीला एक वाटी वर्तमानपत्राचा भिजवून, वाटून, घट्ट पिळलेला लगदा घ्या. तेवढंच पाणी घालून पातळ केलेलं फेविकॉल लागेल तसं घालत कणकेसारखं मळा. दोन-तीन मिलिमीटरचा थर द्या, वर ओलसर कापड टाकून सावलीत दोन-तीन दिवस वाळू द्या. उन्हात ठेवलं की कडा उचलतात. पहिल्या थराला केसाएवढ्या भेगा पडल्या तर काळजी नको, त्या दुसऱ्या पातळ थरात बुजतात.

सारवणात खरं शेण घालू नका, त्यात किडे होतात. मातीतच थोडा हिरवट-तपकिरी रंग मिसळा. बोटाने तर मुळीच सारवू नका, आपलं एक बोट त्या घरातल्या बाईच्या अख्ख्या मांडीएवढं असतं. जुन्या टूथब्रशचे चार-पाच केस काडीला बांधा आणि अर्धगोल फटकारे ओढा, एका हाताच्या टप्प्यात बसतील एवढेच, म्हणजे दोन इंचांच्या आत. हे फटकारे उमटले की जमीन एकदम खरी वाटू लागते.

गोठ्याकडच्या बाजूला तुराट्यांचा कुड, म्हणजे काड्यांची लिंपलेली भिंत, करायची असेल तर खऱ्या तुराट्या वापरू नका, त्या फार जाड पडतात. गवताच्या काड्या दोऱ्याने बांधा आणि वरून अर्धवट लिंपा, म्हणजे काड्या कुठे कुठे डोकावतील.

चूल, भांडी, कापूस

चूल याच मातीची करा. तेलाच्या दिव्यावर स्टीलची ताटली धरून काजळी जमवा आणि कोरड्या ब्रशने चुलीच्या तोंडाला, मागच्या भिंतीवर खालून वर पसरत जाणारी लावा. सगळीकडे सारखं काळं केलं तर जळालेलं घर वाटतं. राख खरीच घाला, ओढणीतून गाळून.

पाणी भरायचा गुंड आणि गंज, म्हणजे पातेलं, एम-सीलचे होतात. हातमोजे घालून मळा, गोल टोकाच्या काडीवर थापा, घट्ट व्हायच्या आत सोडवा आणि एखादा पोचा मुद्दाम पाडा. सुपासाठी शिंदीच्या झाडणीचं पान एक मिलिमीटरच्या पट्ट्यांत चिरून विणा. फळ्या, पाट, खिडक्या यांना ज्वारीच्या धांड्याचा गाभा उत्तम. आपण लहानपणी त्याच्याच बैलगाड्या करायचो, ब्लेडने सहज कापतो.

कोपऱ्यात कापसाचा ढीग हवाच, दिवाळीनंतर आमच्याकडे खोलीत पाय ठेवायला जागा नसायची. पण सरकीवरचा कापूस तसाच ठेवला तर त्याचे लांब तंतू दोरखंडासारखे दिसतात. कात्रीने अगदी बारीक कापा आणि चिमटीने ढीग रचा.

जपणूक

वरून आणि समोरून काच असलेली पेटी करून घ्या. आपल्याकडे पावसाळ्याइतकाच धोका उन्हाळ्यात कूलरचा असतो. कूलरच्या वाऱ्यात ठेवलेल्या मातीवर आणि कागदावर बुरशी धरते. टिनाखालच्या खोलीतही ठेवू नका, मे महिन्यात तिथे ग्लू गनचे जोड सुटतात. थेट ऊन नको, रंग उडतात.

उदई (वाळवी) लागू नये म्हणून पेटी भिंतीला टेकवू नका, मेजाचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवा. खरं धान्य, पीठ, गूळ आत काहीही नको, उंदीर काचही ढकलतात. डांबरगोळ्याही नकोत, त्यांच्या वाफेने काही प्लास्टिक मऊ पडतं. नव्या चपलांच्या डब्यातली सिलिका जेलची पुडी पावसाळ्यात कोपऱ्यात ठेवा.

धूळ तोंडाने फुंकू नका, थुंकीचा ओलावा मातीवर डाग पाडतो. चित्रकलेचा मऊ कोरडा ब्रश महिन्यातून एकदा वरून खाली फिरवा.

आणि काम सुरू करतानाच गाळलेल्या मातीची एक बरणी भरून झाकण घट्ट लावून ठेवा. दोन वर्षांनी भेग पडेल तेव्हा नवी आणलेली माती रंगाला जुळत नाही. बरणीतली चिमूटभर माती पातळ फेविकॉलमध्ये कालवून सुईने भेगेत भरली, की वाळल्यावर भेग कुठे होती ते सापडत नाही.