तांडेलाचं काम: निघण्याचा निर्णय आणि खाडीच्या तोंडाचा हिशोब

कोकणातल्या ट्रॉलरवर (जाळं ओढत मासेमारी करणाऱ्या बोटीवर) सुकाणू धरता येणारे खलाशी दोन-तीन तरी असतात, पण तांडेल, म्हणजे बोटीचा प्रमुख, एकच असतो. कधी निघायचं, कधी थांबायचं, जाळं सोडून द्यायची वेळ आली का, हे एकानेच ठरवावं लागतं. बोट मालकाची असली तरी समुद्रात शेवटचा शब्द तांडेलाचा. हवामानाचा इशारा असताना मालकाच्या आग्रहाखातर बोट काढू नये.

निघण्याआधी इंजिन चालू करून थंडाव्याचं पाणी बाहेर पडतंय का ते पाहावं. पंख्याचा दांडा (शाफ्ट) बोटीबाहेर जातो तिथे पाणी अडवणाऱ्या ग्लँडमधून थेंब पडले तर चालतं, धार लागली तर ग्लँड आवळल्याशिवाय निघू नये. तळातलं पाणी उपसून पंप खात्रीने चालतो ना, हे बघावं. डिझेलचे तीन भाग धरावेत: एक जायला व मासेमारीला, एक परतायला, एक राखीव. माणशी एक लाइफ जॅकेट हवं, तेही हाताशी. बर्फाच्या खणामागे कोंबलेलं नको. व्हीएचएफ रेडिओ १६ नंबरच्या चॅनलवर लावून ठेवावा.

ओढताना जाळं खडकात अडकलं तर लगेच इंजिन मंद करावं. बाजूने ताण आला की बोट कलंडते. त्यामुळे मागे येत दोर शक्य तितका उभा करून, ताण बोटीच्या मागच्या बाजूनेच घेत विंच (दोर गुंडाळणारं यंत्र) सावकाश फिरवावा. सुटत नसेल तर दोर तोडावा. दोराच्या वेटोळ्यात कुणाचा पाय नाही ना, हे तांडेलाने स्वतः बघायचं.

खरी कसोटी परतताना लागते. खाडीच्या तोंडाशी वाळूची पट्टी असते आणि बोट मासळी-बर्फाने जड झालेली असते. समजा, ओहोटीला पाणी ०.६ मीटर आणि भरतीला २.४ मीटर आहे, म्हणजे चढ १.८ मीटर. भरतीच्या सहा तासांत पाणी बारा भागांपैकी अनुक्रमे १, २, ३, ३, २, १ भाग चढतं. तीन तासांनी निम्मा चढ, म्हणजे उंची १.५ मीटर. नकाशात पट्टीवर ०.५ मीटर खोली असेल तर ती या उंचीत मिळवून एकूण पाणी २ मीटर. बोटीचा १.५ मीटर भाग पाण्याखाली असेल तर खाली अर्धा मीटर उरतो. हे पुरेसं वाटतं, पण मीटरभर उंचीची लाट असली की दोन लाटांमधल्या खळग्यात बूड वाळूला लागतं. आणखी एक तास थांबल्यास ०.४५ मीटर वाढतात. तो तास थांबावाच. भरती पूर्ण व्हायच्या जरा आधी आत शिरणं सर्वांत बरं. कारण नंतर ओहोटीचा प्रवाह येणाऱ्या लाटेला भिडला की लाट उभी राहून फुटते.

शिरण्यापूर्वी पट्टीबाहेर थांबून लाटा मोजाव्यात. मोठ्या लाटांचा घोळका गेला की एका लाटेच्या पाठीवर राहून, तिच्यापुढे न जाता आत यावं. पुढे गेलात तर नाळ (बोटीचं पुढचं टोक) खाली रुतते, मागून लाट उचलते आणि बोट आडवी होते. मध्येच वळायचं नाही.

इंजिन बंद पडलं तर आधी नांगर टाकावा. पाणी ४ वाव (एक वाव म्हणजे सुमारे १.८ मीटर) असेल तर दोर २० ते २८ वाव सोडावा. कमी सोडला तर नांगर धरत नाही. मग तटरक्षक दलाला १५५४ वर किंवा व्हीएचएफवर अक्षांश-रेखांश, बोटीचं नाव आणि माणसं किती ते सांगावं.