रक्तदात्यांच्या वहीचं ॲप: मंडळासाठी फुकट कोड लिहायला बसण्याआधी

लॅपटॉप उघडायच्या आधी मंडळाची वही मागून घ्या. रक्तगटाच्या रकान्यात कुठे ‘ओ पॉझि.’, कुठे ‘ओ धन’, गावाच्या रकान्यात नुसतं ‘पिंपळगाव’. कोणतं पिंपळगाव, हे वही लिहिणाऱ्या काकांनाच माहीत. ते समोर असतानाच यादी साफ करा, नंतर फोनवर विचारत बसलात तर महिना जातो.

रकाने नऊ पुरतात: नाव, मोबाइल, गाव, तालुका, रक्तगट, लिंग, जन्मवर्ष, शेवटच्या रक्तदानाची तारीख, संमतीची तारीख. वय लिहू नका, पुढच्या वर्षी ते चुकीचं ठरतं. रक्तगट आठ पर्यायांतून निवडायचा, टाइप करायचा नाही. गावापुढे सरकारच्या स्थानिक स्वराज्य निर्देशिकेतला गावाचा कोड टाका, म्हणजे एकाच नावाची दोन गावं गुंतत नाहीत. पुरुषाने ९० दिवसांत आणि स्त्रीने १२० दिवसांत रक्त दिलं असेल, तर नाव यादीतून आपोआप लपलं पाहिजे.

आता ॲप कुणासाठी, ते ठरवा. दात्याला ॲप लागत नाही, त्याला फोन लागतो. ॲप लागतं रात्री अकराला फोन उचलणाऱ्या पाच-सात कार्यकर्त्यांना. एवढ्यांनाच ईमेल-पासवर्डने लॉगिन द्या. ओटीपीच्या एसएमएसचा खर्च वाचतो आणि बायकामुलींचे नंबर गावभर फिरत नाहीत. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यामुळे संमतीचा रकाना शोभेचा राहिलेला नाही.

माहिती फायरबेसच्या फायरस्टोअरमध्ये (गूगलच्या ऑनलाइन डेटाबेसमध्ये) ठेवली तर फुकटच्या योजनेत दिवसाला ५०,००० नोंदी वाचता येतात. आकडा मोठा वाटतो. पण ॲप उघडताच ४०० दात्यांची पूर्ण यादी सर्व्हरवरून मागवली, तर १२५ वेळा उघडल्यावर कोटा संपला. तो पुन्हा सुरू होतो पॅसिफिक वेळेच्या मध्यरात्री, म्हणजे आपल्याकडे दुपारी साडेबारा किंवा दीडला. सकाळी दहाला रक्त हवं असेल तर काय करणार? म्हणून तालुका आणि रक्तगट निवडल्याशिवाय काही मागवूच नका. ‘धरणगाव, ओ निगेटिव्ह’ एवढंच मागितलं की मोजक्याच नोंदी वाचल्या जातात. सुरक्षा नियमही, म्हणजे यादी कोण वाचू-बदलू शकेल ते, पहिल्याच दिवशी लिहा. ते न लिहिता टेस्ट मोडमध्ये, म्हणजे चाचणीपुरत्या सैल नियमांवर, ठेवलं तर ३० दिवस यादी कुणालाही उघडी असते आणि एकतिसाव्या दिवशी ॲप मुकं होतं.

अँड्रॉइडवर फायरस्टोअर आधी वाचलेलं फोनमध्ये जपून ठेवतं. नंदुरबारमधल्या धडगाव-अक्कलकुव्याकडे बऱ्याच ठिकाणी रेंज नसते, तिथे हेच कामी येतं. कार्यकर्त्याने निघण्यापूर्वी आपल्या तालुक्याची प्रत्येक रक्तगटाची यादी एकदा उघडून घ्यावी.

एक चूक हमखास होते. फोनची भाषा मराठी असली की तारीख ‘२०२५’ अशी देवनागरी आकड्यांत तयार होते आणि तशीच साठवली जाते. मग ९० दिवसांचा हिशेब कोसळतो, आणि तोही फक्त मराठी ठेवलेल्या फोनवर, त्यामुळे लवकर सापडत नाही. तारीख साठवायची टाइमस्टॅम्प म्हणून, म्हणजे मजकूर नव्हे, तर डेटाबेसच्या तारीख-वेळ प्रकारात. मजकूरच करायचा असेल तर इंग्रजी लोकेल (भाषा-प्रदेशाची सेटिंग) कोडमध्ये सक्तीने द्या. पडद्यावर दाखवताना मात्र देवनागरी आकडे बिनधास्त वापरा. बटणावर अहिराणीत ‘रगत जोयजे’ (रक्त हवं) लिहिलं तर आणखी बरं.

गूगल प्लेचं खातं मंडळाच्या नावाने काढा. शुल्क २५ डॉलर, एकदाच. संस्थेच्या खात्याला डन्स (D-U-N-S) क्रमांक, म्हणजे संस्थेची ओळख पटवणारा क्रमांक, लागतो, तो मोफत मिळतो. नोंदणी प्रमाणपत्रावरचं नाव आणि अर्जातलं नाव अक्षरशः जुळलं पाहिजे. वेळ वाचवायला स्वतःच्या नावाने नवं खातं काढलं, तर आधी १२ जणांनी सलग १४ दिवस बंद चाचणीत (ॲप खुलं होण्याआधीच्या निवडक लोकांच्या चाचणीत) राहावं लागतं. वेळ काही वाचत नाही. चाचणी कापूस वेचणीच्या दिवसांत तर ठेवूच नका, माणसं शेतात असतात.

खात्याचा ईमेल मंडळाचा असावा आणि त्याचा पासवर्ड सचिवांकडे लिखित असावा. तुम्ही नोकरीसाठी पुण्याला गेलात आणि अपलोडची चावी (नवी आवृत्ती प्लेवर चढवताना लागणारी डिजिटल सहीची फाइल) हरवली, तर नवी चावी खात्याच्या मालकालाच मागता येते. शिवाय प्ले स्टोअर दरवर्षी साधारण ऑगस्टअखेर टार्गेट एपीआयची पातळी, म्हणजे ॲप अँड्रॉइडच्या किती नव्या आवृत्तीसाठी बनलेलं हवं ती अट, वाढवतं. तेवढं एक अपडेट कोण करणार, त्याचं नाव जुलैच्या बैठकीत इतिवृत्तात लिहून घ्या.