आधी माणूस बसवा, मग टप कापा: उंच चालकासाठी जुनी पिकअप बांधताना या चुका टाळा

माझी उंची सहा फूट चार इंच. मिशिगनमध्ये घरच्या गॅरेजात 1929 च्या फोर्ड मॉडेल ए पिकअपची हॉट रॉड (जुनी गाडी कापून, इंजिन बदलून केलेली वेगवान गाडी) करायला घेतली, तेव्हा पहिले कित्येक महिने गाडी किती खाली बसलेली दिसेल याच विचारात गेले. चॅसी, म्हणजे गाडीचा खालचा सांगाडा, तयार झाली, केबिन वर चढवली, आत बसलो, आणि मान तिरकी केल्याशिवाय दार लागेना. तळ पुन्हा कापावा लागला. त्या दुसऱ्या फेरीत जे कळलं ते इथे लिहितोय, कारण हीच चूक करणारी उंच माणसं नंतर मला बरीच भेटली.

हॉट रॉडचा छंद 1930 च्या दशकात दक्षिण कॅलिफोर्नियात वाढला. तरुण पोरं स्वस्तातल्या जुन्या फोर्ड घ्यायची, नको ते पत्रे काढून टाकायची, इंजिनाची ताकद वाढवायची आणि म्युरॉकसारख्या कोरड्या तळ्यांवर पळवायची. मॉडेल ए पिकअप आजही यासाठी लाडकी आहे. पण तिची केबिन आखूड आहे, सीटच्या पाठीमागे लगेच भिंत आणि भिंतीमागे हौदा. मोटारीसारखी सीट मागे सरकवायला जागाच नाही. उंच माणसाची सगळी अडचण इथून सुरू होते.

उंची मोजली, माणूस मोजलाच नाही

सहा फूट चार इंचांची दोन माणसं शेजारी बसवा. एकाचं डोकं दुसऱ्याच्या बरंच वर येऊ शकतं, कारण एकाचं धड लांब असतं, दुसऱ्याचे पाय. म्हणून एकूण उंचीचा आकडा इथे फारसा कामाचा नाही. कडक स्टुलावर भिंतीला पाठ लावून बसा आणि दुसऱ्या कुणाकडून मापं घ्या: बैठकीपासून टाळूपर्यंत, बैठकीपासून डोळ्यापर्यंत, भिंतीपासून गुडघ्याच्या टोकापर्यंत आणि जमिनीपासून गुडघ्यापर्यंत. शेवटचं माप बूट घालून घ्या, जे घालून गाडी चालवणार तेच. पहिलं माप टपाचं, दुसरं काचेचं, तिसरं डॅशचं आणि चौथं तळाचं. ही चार मापं गॅरेजच्या भिंतीवर खडूने लिहून ठेवा.

चॉप आणि चॅनल, दोन्ही एकदम

सर्वांत महागात पडणारी चूक हीच, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

चॉप म्हणजे टपाचे खांब मधून कापून टप खाली आणणं. चॅनल म्हणजे केबिनचा मूळ तळ कापून केबिन चॅसीच्या अंगावर खाली उतरवणं. बाहेरून दोन्हींचा परिणाम देखणा दिसतो. आत काय होतं ते बघा. चॅनल करताना केबिन चार इंच खाली आली, पण नवा तळ चॅसीच्या वरच बसला, तर केबिनच्या हिशेबाने तळ चार इंच वर आला. सीट तळावर, माणूस सीटवर, म्हणजे डोकंही चार इंच वर. त्यात टप तीन इंचांनी चॉप केला की डोक्यावरची सात इंच जागा गेली. एवढी जागा मॉडेल एच्या केबिनमध्ये उंच माणसाच्या डोक्यावर मुळातच नसते.

गाडी खाली बसवायचीच असेल तर ते काम चॅसीकडून करून घ्या. पुढे ड्रॉप्ड अ‍ॅक्सल घाला, म्हणजे दोन चाकं जोडणाऱ्या मूळ दांड्याऐवजी मधे जास्त खाली वाकवलेला दांडा, जो चाकं वर आणि चॅसी खाली ठेवतो. मागे चॅसीला झेड द्या: मागचा भाग कापून वरच्या पातळीवर जोडा, म्हणजे मागचा अ‍ॅक्सल वर राहतो आणि गाडी खाली येते. दोन्हींत केबिनमधला एक इंचही जात नाही. मेहनत जास्त आहे आणि झेडचं वेल्डिंग अनुभवी हातानेच व्हायला हवं, पण माझ्या मते उंच माणसासाठी दुसरा शहाणा मार्ग नाही.

चॅनल आधीच झालं असेल तर चॅसीच्या दोन दांड्यांमध्ये पायांसाठी खोलगट खण करता येतो. मर्यादा एकच: चाकाच्या रिमची खालची कड जिथे आहे, त्याच्या खाली गाडीचा कुठलाही भाग जाता कामा नये. टायर फुटला तर गाडी रिमवर येते, आणि तेव्हा तुमच्या टाचांखालचा पत्रा रस्त्यावर घासता कामा नये.

टपाबद्दल आणखी एक. मॉडेल एच्या टपाचा मधला भाग पत्र्याचा नव्हता, लाकडी पट्ट्यांवर कापड ताणलेलं असायचं. तिथे पत्रा बसवून लाकूड काढलं तर थोडी जागा मिळते. मग तीच जागा जाड इन्सुलेशन आणि अस्तर लावून परत घालवू नका.

(महाराष्ट्रात हा प्रयोग करू इच्छिणाऱ्यांनी आधी कायदा बघावा. 2021 च्या नियमांप्रमाणे विंटेज नोंदणी 50 वर्षांहून जुन्या गाडीला मिळते, पण चॅसी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार झालेला नसेल तरच.)

सीट खाली घेतली की प्रश्न सुटला, असं वाटणं

डोकं लागतंय म्हणून सीट तळाला टेकवणं हा पहिला सुचणारा उपाय. मूळ सीट खुर्चीसारखी उंच होती, पाय खाली सोडून ताठ बसायचं. सीट खाली गेली की पाय पुढे पसरावे लागतात, म्हणजे उंचीत वाचवलेले इंच लांबीत मोजावे लागतात, आणि लांबी तर पिकअपमध्ये नाहीच. मग गुडघे वर येतात, मांड्या हवेत राहतात आणि सगळं वजन माकडहाडावर येतं. अर्ध्या तासात कंबर धरते.

लांबी मिळवायची तर ती मागून. केबिनची मागची भिंत चार ते सहा इंच मागे नेणं हा एक मार्ग. त्यात दार तेवढंच ठेवलं तर तुमचा खांदा दाराच्या खांबामागे जातो, डावीकडचं दिसत नाही आणि उतरतानाही त्रास होतो. दारही लांबवणार असाल तरच हे करा. मला आवडलेला उपाय सोपा आहे: खिडकीच्या खालची भिंत तेवढी कापून मागे खोलगट खण करायचा, सीटची पाठ त्यात झुकवायची आणि हौद्याची पुढची पाटी तेवढीच मागे सरकवायची. वरची भिंत आणि काच जागेवर राहतात, बाहेरून ओळखूही येत नाही. फक्त पाठ झुकली की डोकं मागच्या काचेजवळ जातं, तेव्हा मध्ये हेडरेस्ट हवाच.

पुढची जागा इंजिन आणि टाकीने खाल्ली

मॉडेल एची पेट्रोलची टाकी काचेच्या पुढे, थेट गुडघ्यांच्या वर असते. साधारण 10 गॅलनची, आणि कार्बोरेटरला पेट्रोल आपोआप उताराने जायचं, पंप नव्हता. टाकी हौद्याखाली हलवा, पंप बसवा आणि जुन्या टाकीचा खालचा भाग कापून काढा. 1928-29 च्या गाडीत टाकीचा वरचा पत्रा हाच बाहेरून दिसणारा काउल, म्हणजे बॉनेट आणि काचेमधला पत्रा, म्हणून तो राहू द्या. कापण्याआधी टाकी वाफेसकट पूर्ण साफ झाली पाहिजे. रिकाम्या टाकीतली वाफ भरलेल्या टाकीपेक्षा धोकादायक असते, हे काम माहीतगारालाच द्या.

इंजिन निवडतानाही पाय आठवा. 1955 मध्ये आलेल्या शेवरलेच्या स्मॉल ब्लॉक व्ही-8 इंजिनाचा डिस्ट्रिब्यूटर, म्हणजे स्पार्क प्लगांना वीज वाटणारा भाग, मागच्या टोकाला असतो, त्यासाठी फायरवॉल (इंजिन आणि केबिनमधली भिंत) आत ढकलावी लागते आणि ती तुमच्या पंजांच्या जागेत येते. फोर्डच्या जुन्या फ्लॅटहेड व्ही-8 चा आणि 1962 पासूनच्या स्मॉल ब्लॉकचाही डिस्ट्रिब्यूटर पुढे असतो. उंच माणसाने फोर्डचं इंजिन घ्यावं असं मी म्हणतो, ते या कारणासाठी.

पेडल आखूड केलं

पाय बसत नाही म्हणून ब्रेकच्या पेडलचा दांडा कापणारे मी पाहिले आहेत. कृपा करून असं करू नका. बूस्टर (पायाचा जोर वाढवणारं यंत्र) नसलेल्या ब्रेकला पेडलची तरफ साधारण सहास एक लागते, म्हणजे पायाचा जोर सहापट होतो. दांडा आखूड झाला की ती कमी होते, आणि तेवढ्याच ब्रेकसाठी पायाला कितीतरी जास्त जोर लावावा लागतो. जागा हवी तर पेडल पुढे सरकवा, पण तरफ तीच ठेवा. मोठ्या बुटाला ब्रेक आणि अ‍ॅक्सिलरेटर एकदम दाबले जात नाहीत ना, हेही बसून तपासा.

स्टिअरिंग मांडीला लागत असेल तर टिल्ट कॉलम (कोन बदलता येणारा स्टिअरिंगचा दांडा) किंवा थोडं लहान चाक घ्या. फार लहान घेतलंत तर पॉवर स्टिअरिंगशिवाय ते जड जाईल. कॉलमचा कोन बदलताना युनिव्हर्सल जॉइंट (दांड्याचे दोन तुकडे कोनात जोडणारा सांधा) 35 अंशांपेक्षा जास्त वाकवू नका, आणि तीन जॉइंट लागले तर मधे आधाराचं बेअरिंग हवं.

गाडी तयार आहे आणि तरी त्रास होतोय

सिग्नल बघायला वाकावं लागतंय? अमेरिकेत सिग्नल बहुधा चौकापलीकडे उंच टांगलेले असतात आणि चॉप केलेल्या टपाची कड नेमकी तिथे येते. आधी पाठीचा कोन थोडा वाढवून बघा, मग सीटचा फोम पातळ करा. सन व्हायझर आणि आरसा डोळ्यांच्या रेषेतून हलवा. गुडघ्याला गिअरचा दांडा लागत असेल तर तो वाकवून घ्या, हे काम तासाभराचं.

सीट बेल्टच्या पट्ट्याकडे मात्र दुर्लक्ष नको. खांद्याचा पट्टा खांद्यापेक्षा बराच खाली अडकवला असेल, तर धडकेत तो मणक्याला खाली दाबतो. सीटची पाठ बुटकी आणि माणूस उंच, तिथे हे हमखास होतं. सीटमागे खांद्याच्या उंचीवर आडवा पाइप घाला, तो चॅसीला जोडा आणि पट्टा त्यावर बांधा, पातळ पत्र्यावर नाही.

आणि अजून काहीच कापलं नसेल, तर प्लायवुडचा तळ, लाकडी खोक्याची सीट आणि झाडूच्या दांड्याचा कॉलम करून केबिनमध्ये ठेवा. बूट घालून, दार लावून अर्धा तास बसा. मी दुसऱ्या वेळी हे केलं, तेव्हा विसाव्या मिनिटाला उजव्या पोटरीत गोळा आला. पेडल दीड इंच पुढे नेलं आणि मगच वेल्डिंग मशीन सुरू केलं.