कढीपत्त्यावरची अळी झटकू नका

बाल्कनीतल्या कढीपत्त्याची किंवा लिंबाची पानं एकदा नीट न्याहाळा. पक्ष्याची शीट पडल्यासारखं काही दिसलं आणि ते हललं, तर ती बहुधा लाइम बटरफ्लाय किंवा कॉमन मॉर्मन या फुलपाखराची लहान अळी. मोठी झाली की हिरवीगार होते. डिवचलंत तर डोक्यामागून दुहेरी शिंग बाहेर काढते आणि उग्र वास सोडते, बस्स, चावत नाही. फवारणी तेवढी थांबवा. फोडणीला चार पानं कमी पडतील, पडू देत. (आमच्या आईला हे पटायला दोन पावसाळे लागले.)

फुलपाखरांचे फोटो काढायचे तर ठाण्यात येऊरचं जंगल आहे, घोडबंदर रोडची ओवळेकर वाडी ही फुलपाखरांची बाग आहे. सकाळीच जा, तेव्हा फुलपाखरं पंख पसरून ऊन खात बसतात. तुमची सावली पडली की उडालंच समजा. आधी लांबून एक फोटो घेऊन ठेवा, मग वाकून, सावकाश पुढे सरका. मिटलेल्या पंखांचाही फोटो हवा. ओळख पटवताना खालच्या बाजूची नक्षी फार कामी येते. पंख चिमटीत मात्र धरू नका. बोटांना लागते ती पावडर म्हणजे पंखांवरचे खवले, ते पुन्हा येत नाहीत.