वॉटर पंपाचे बोल्ट पुठ्ठ्यात खोचा

सुपरचार्जरवाल्या (म्हणजे पट्ट्यावर फिरून इंजिनात जादा हवा कोंबणारं यंत्र असलेल्या) इंजिनाचा वॉटर पंप गळायला लागला की घोळ होतो तो बोल्टांचा. कुठला लांब, कुठला आखूड, जोडताना आठवत नाही.

१. इंजिन पूर्ण गार झाल्यावरच कूलंट (इंजिन थंड ठेवायला हा पंप फिरवतो ते द्रव) काढा. सुपरचार्जरचा पट्टा कुठल्या पुलीवरून कसा फिरलाय त्याचा फोटो घ्या, मग पट्टा सोडा.

२. पुठ्ठ्यावर (आंब्याच्या खोक्याचा झकास) नव्या पंपाची कड गिरवा, भोकं पाडा. निघेल तो बोल्ट त्याच भोकात खोचा. आखूड जागी लांब बोल्ट आवळला तर आटे जातात.

३. जुनं गास्केट (पंप आणि इंजिन यांच्या सांध्यातली गळती रोखणारी चकती) प्लास्टिकच्या पट्टीने खरवडा. बोल्ट आलटूनपालटून, मॅन्युअलमधल्या टॉर्कनेच (पिळायच्या ठरलेल्या जोरानेच) आवळा.

रत्नागिरी, मालवणकडे खाऱ्या हवेने बोल्ट धरून बसतात. आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल मारा. नुसता जोर केलात तर डोकं हातात येतं, दांडा आत राहतो, आणि मग लेथवाल्याकडे खेटे.

कूलंटमध्ये विहिरीचं पाणी मिसळू नका. किनाऱ्यालगत ते बरेचदा मचूळ असतं, नवा पंपही आतून खाईल. डिस्टिल्ड वॉटरच वापरा.