मिथेनच्या नियमांवर हरकती-सूचना पाठवताय? या चुका टाळा

तेल-वायू उद्योगातल्या मिथेनच्या (नैसर्गिक वायूचा मुख्य घटक) गळतीबद्दल नियमांचा मसुदा निघाला, की आपल्याकडून जाणारी पत्रं कळकळीची असतात, पण त्यातली बरीच पहिल्याच चाळणीत बाजूला पडतात.

‘मराठवाड्यात कुठं तेलविहीर आहे?’ म्हणून गप्प बसणं ही पहिली चूक. विहीर नाही, पण मुंबई-नागपूर गॅसवाहिनीचा मार्ग समृद्धी महामार्गालगत आपल्या जालन्याकडूनच आहे. आणि मिथेननं हवा तापून पाऊस बिघडला की सोयाबीन आपलंच जातं.

‘मिथेन गुरांमुळे होतो’ असं आपणच लिहून देतो, याचं मला फार वाईट वाटतं. गुरं आणि भातशेती मिथेन सोडतात हे खरं. मिथेन कमी करण्याच्या २०२१ च्या जागतिक प्रतिज्ञेवर भारतानं सही केली नाही, त्यामागेही शेती-पशुधनाचंच कारण होतं. पण म्हशीच्या पोटाला झडप बसवता येत नाही. पाइपच्या सैल जोडावर पाना फिरवता येतो, आणि वाचलेला गॅस विकताही येतो. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या हिशेबानं तेल-वायूतला सुमारे ७० टक्के मिथेन आजच्याच तंत्रानं थांबवता येतो. हे पत्रात लिहा.

आकडा देताना कालावधी सोडू नका. कार्बन डायऑक्साइडच्या तुलनेत मिथेन २० वर्षांत ८० पटींहून अधिक उष्णता धरतो, १०० वर्षांच्या हिशेबात सुमारे २८ ते ३० पट. नुसतं ‘८० पट’ लिहिलं की समोरचा १०० वर्षांचा आकडा दाखवून पत्र खोडतो.

सगळ्यात महागात पडते ती ‘कडक नियम करा’ एवढीच मागणी. किती कडक, ते सांगावं लागतं. पैठणची जलवाहिनी फुटली की कारंजं दिसतं. मिथेनला रंग नाही, मूळचा वासही नाही. म्हणून न दिसणारा वायू दाखवणाऱ्या इन्फ्रारेड कॅमेऱ्यानं तपासणी मागा, आणि ती किती महिन्यांनी व्हावी तेही लिहा. दुरुस्तीची मुदत मागा: युरोपीय संघाच्या २०२४ च्या नियमात गळती सापडल्यावर पाच दिवसांत पहिला प्रयत्न आणि ३० दिवसांत पूर्ण दुरुस्ती असं बंधन आहे. कंपनीचा अंदाज नको, प्रत्यक्ष मोजमाप हवं. नको असलेला गॅस विहिरीजवळच ज्योत लावून जाळला म्हणजे प्रश्न मिटला, असंही धरू नका. ज्योत ९८ टक्के मिथेन जाळते असं गृहीत धरलं जायचं. अमेरिकेत विमानातून मोजलं तेव्हा २०२२ च्या अभ्यासात ते प्रमाण ९१ टक्क्यांच्या आसपास निघालं.

एकच मजकूर चाळीस सह्यांनी पाठवू नका. मसुद्यातला कलम क्रमांक, त्याखाली बदललेलं वाक्य, मग कारण, असं मांडा. मुदत मसुद्यातच असते, बऱ्याचदा ६० दिवस. आमच्या गटाचं एक पत्र शेवटच्या संध्याकाळी ईमेलमधून परत आलं, जोडलेली फाइल जड होती म्हणून. आता आम्ही आठवडाभर आधी पाठवतो आणि पोच जपून ठेवतो.