सरकारी जमिनीवरची शिकार: आत शिरायची वाट आणि सामानाची निगा

नकाशावर जमीन सरकारी दिसते, म्हणून तिथं पाऊल ठेवता येईलच असं नाही. अमेरिकेच्या पश्चिम राज्यांत पहिल्यांदा शिकारीला जाणाऱ्यांची गल्लत बहुतेक वेळा इथंच होते. ब्यूरो ऑफ लँड मॅनेजमेंट, म्हणजे बीएलएम, या खात्याकडे साधारण साडेचोवीस कोटी एकर जमीन आहे आणि राष्ट्रीय वनं सांभाळणाऱ्या फॉरेस्ट सर्व्हिसकडे एकोणीस कोटींहून जास्त. यातल्या बऱ्याच जमिनीवर शिकारीला मुभा आहे. पण २०१८ साली थिओडोर रूझवेल्ट कन्झर्व्हेशन पार्टनरशिप ही संस्था आणि ऑनएक्स ही नकाशांचं अ‍ॅप बनवणारी कंपनी यांनी मोजदाद केली, तेव्हा पश्चिमेत ९५ लाखांहून जास्त एकर केंद्रीय जमीन अशी निघाली की तिच्यापर्यंत कायदेशीर वाटच पोचत नाही. चारही बाजूंनी खासगी मालक आणि मध्ये सरकारी तुकडा. वहिवाटीचा हक्क नसेल तर तो तुकडा तुमच्यासाठी नसल्यासारखाच.

खालचं सगळं अमेरिकेपुरतं आहे. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं शिकारीला बंदी आहे.

अमेरिकेत तात्पुरत्या व्हिसावर राहणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट आधी नीट समजून घ्यावी. एच-१बी किंवा एफ-१ सारख्या व्हिसावर असताना बंदूक किंवा काडतुसं जवळ बाळगायला केंद्रीय कायद्यानं मनाई आहे. मित्राची रायफल तासाभरासाठी हातात घेतली तरी ती बाळगणंच. या मनाईला असलेल्या अपवादांपैकी शिकाऱ्याच्या उपयोगाचा अपवाद म्हणजे अमेरिकेतल्या एखाद्या राज्यानं दिलेला, चालू मुदतीचा शिकार परवाना. मुदत संपली की अपवादही संपला. म्हणून आधी हंटर एज्युकेशनचा कोर्स, मग परवाना आणि त्यानंतरच बंदूक, हा क्रम मोडू नका. एल्कसारख्या (एल्क म्हणजे मोठ्या आकाराचं हरीण) प्राण्यांचे परवाने पुष्कळ ठिकाणी सोडतीनं मिळतात आणि काही राज्यांत अर्जाची मुदत फेब्रुवारी ते एप्रिलमध्येच संपते. हंगाम शरद ऋतूत असला तरी तयारी हिवाळ्यातच सुरू होते, ती यामुळे.

जमिनीचा मालक कोण, आणि नियम कुणाचा

फोनवरच्या नकाशात हद्दी रंगवून दाखवणारी अ‍ॅप उपयोगी आहेत, पण रंगाचा अर्थ खात्यागणिक बदलतो. बीएलएम आणि राष्ट्रीय वनांत शिकार साधारणपणे खुली असते, राष्ट्रीय उद्यानांत बहुतेक ठिकाणी बंद. राज्याच्या ट्रस्ट जमिनीवर, म्हणजे शाळा वगैरेंच्या उत्पन्नासाठी राज्यानं राखलेल्या जमिनीवर, लोक हमखास फसतात. कोलोराडोत ती मुळात बंद असते आणि राज्याच्या वन्यजीव खात्याच्या योजनेत घेतलेले तुकडेच खुले होतात. वायोमिंगमध्ये त्याच प्रकारच्या जमिनीवर शिकार चालते, पण मुक्काम किंवा उघडी शेकोटी चालत नाही. वायोमिंगचा आणखी एक नियम: बाहेरच्या राज्यातल्या माणसाला तिथल्या ‘विल्डरनेस’ भागात, म्हणजे रस्ते आणि वाहनांपासून मुक्त राखलेल्या केंद्रीय जमिनीवर, मोठ्या प्राण्यांची शिकार परवानाधारक गाइडशिवाय, किंवा खास परवानगी घेतलेल्या स्थानिक रहिवाशाच्या सोबतीशिवाय करता येत नाही. जमीन केंद्राची असली तरी शिकारीचे नियम राज्याचे.

खासगी हद्दीवर पाटी असेलच, या भरवशावर राहू नका. कोलोराडोत पाटी नसली, कुंपण नसलं, तरी परवानगी नसताना खासगी जमिनीवर शिकार केली तर गुन्हा होतो. टेक्सास आणि मिझुरीत झाडावर किंवा खांबावर मारलेल्या जांभळ्या रंगाच्या पट्ट्याचा अर्थ ‘प्रवेशबंदी’ असाच घेतला जातो. आणि कुंपण म्हणजे हद्द, हे समीकरण तर विसरूनच जा. गुरांसाठी घातलेलं कुंपण हद्दीपासून बरंच आत किंवा बाहेर असू शकतं.

बुद्धिबळाचा पट आणि कोपऱ्याची उडी

एकोणिसाव्या शतकात सरकारनं रेल्वे कंपन्यांना लोहमार्गालगतची जमीन एकाआड एक चौरस मैलाच्या, म्हणजे ६४० एकरांच्या तुकड्यांत दिली. त्यामुळे अजूनही काही भागांत नकाशा बुद्धिबळाच्या पटासारखा दिसतो. दोन सरकारी चौकोन फक्त कोपऱ्यात एकमेकांना टेकतात, आणि तिथेच दोन खासगी चौकोनही येऊन भिडतात. खासगी जमिनीला पाय न लावता एका सरकारी चौकोनातून दुसऱ्यात जाणं, म्हणजेच कोपरा ओलांडणं, कायदेशीर आहे का, यावर वायोमिंगमधल्या एल्क माउंटनच्या प्रकरणात वर्षानुवर्षं वाद चालला. मार्च २०२५ मध्ये दहाव्या सर्किटच्या, म्हणजे सहा राज्यांच्या विभागाच्या, केंद्रीय अपील न्यायालयानं १८८५ च्या बेकायदा कुंपणबंदीच्या कायद्याच्या आधारे शिकाऱ्यांच्या बाजूनं निकाल दिला.

हा निकाल दहाव्या सर्किटमधल्या राज्यांना लागू होतो: वायोमिंग, कोलोराडो, यूटा, न्यू मेक्सिको, कॅन्सस आणि ओक्लाहोमा. मोंटाना त्यात येत नाही आणि तिथलं वन्यजीव खातं कोपरा ओलांडणं बेकायदा मानतं. शिवाय निकालाचा आधार हा की खासगी जमिनीला स्पर्श झाला नव्हता. मोकळ्या आकाशाखालीसुद्धा फोनच्या जीपीएसची अचूकता साधारण ५ मीटर. ज्या बिंदूवरून एका पावलात पलीकडे जायचं, तो बिंदू ५ मीटरच्या चुकीत सापडत नाही. जमिनीत रोवलेली सर्वेक्षणाची पितळी टोपी प्रत्यक्ष डोळ्यांनी दिसली नाही, तर तो कोपरा सोडून द्या. आणि त्या खुणेला हात लावू नका, ती हलवणं हा वेगळा गुन्हा आहे.

वाट शोधायचे साधे मार्ग

कोपऱ्यांच्या फंदात पडण्याआधी सोप्या वाटा पाहाव्यात. मोंटानात १९८५ पासून ‘ब्लॉक मॅनेजमेंट’ योजना आहे. तीत जमीनमालक आपली जमीन शिकाऱ्यांना विनाशुल्क खुली करतात आणि राज्य त्यांना मोबदला देतं. पहिल्या प्रकारच्या जमिनीवर शिकारी स्वतः चिठ्ठी भरून आत जातो, दुसऱ्या प्रकारात मालकाची किंवा त्यानं नेमलेल्या माणसाची परवानगी आधी घ्यावी लागते. या जमिनींच्या पलीकडे पुष्कळदा सरकारी जमीन असते. कॅन्ससमध्ये आणि वायोमिंगमध्येही ‘वॉक-इन’ नावानं अशाच योजना आहेत.

गाडी कुठवर न्यायची, हे राष्ट्रीय वनांत ‘मोटर व्हेइकल यूज मॅप’ ठरवतो. हा नकाशा विनाशुल्क मिळतो आणि कायदा तोच. जमिनीवर चाकोरी स्पष्ट दिसतेय, पण नकाशात रस्ता नाही, तर तिथं गाडी घालता येत नाही. काही रस्ते ठरावीक तारखांनाच खुले असतात, तो तक्ता नकाशातच छापलेला असतो. तो वाचायचा कंटाळा करू नका. एखादा रस्ता खासगी जमिनीतून जात असेल तर त्यावर सार्वजनिक वहिवाट नोंदलेली आहे का, हे काउंटीच्या कचेरीत किंवा बीएलएमच्या स्थानिक कार्यालयात विचारावं. सातबारा बघितल्याशिवाय आपण जमिनीचा व्यवहार करत नाही, तसंच हे. नकाशे घरून निघण्याआधी फोनमध्ये उतरवून ठेवा, कागदी प्रतही सोबत घ्या. डोंगरात सिग्नल नसतो आणि थंडीत फोनची बॅटरी बघताबघता उतरते.

बीएलएमच्या जमिनीवर एका जागी मुक्काम बहुतेक ठिकाणी २८ दिवसांत १४ दिवसच करता येतो. शिकाऱ्यानं अंगावर घालायच्या भडक नारिंगी कपड्यांचे नियमही राज्याचे. मोंटानात कमरेच्या वर किमान ४०० चौरस इंच, कोलोराडोत ५०० चौरस इंच आणि शिवाय चारही बाजूंनी दिसेल अशी टोपी. तिथं गुलाबीही चालतो, पण झाडापानांची नक्षी असलेला नारिंगी मोजत नाहीत. हरणाच्या डोळ्यात दोनच प्रकारच्या रंगपेशी असतात, त्याला हा रंग भडक दिसत नाही. माणसाला मात्र दुरून दिसतो. म्हणून नारिंगीत कसूर नको.

किती आत जायचं हे ठरवताना परत येण्याचा हिशेब करा. पूर्ण वाढलेल्या नर एल्कचं हाडं काढलेलं मांसही ९० किलोंच्या घरात जातं. पाठीवर २०-२५ किलो धरलं तरी चार खेपा. ३ किलोमीटर आत शिकार पडली तर चार खेपांसाठी मिळून जवळजवळ २५ किलोमीटर चाल होते. हवा उबदार असेल तर तेवढ्या वेळात मांस बिघडतं. आणि इतक्या आत गेल्यावर बिघडलेल्या सामानाला पर्याय नसतो.

रायफल: घाण कमी, ओल जास्त

रायफल खराब करण्यात बारुदाच्या काजळीपेक्षा ओलीचा हात मोठा असतो. हाताच्या घामात मीठ असतं आणि बोटांचे ठसे उमटले की तिथून गंज सुरू होतो. रोज संध्याकाळी धातूच्या भागावरून तेलाचं हलकं फडकं फिरवलं तरी बरंच काम भागतं.

बाहेरच्या कडक थंडीतली रायफल थेट उबदार खोलीत आणली, तर तिच्यावर आणि तिच्या आत दव साचतं. रात्रभर ते तसंच राहिलं आणि सकाळी पुन्हा थंडीत गेलं, की आत बर्फ. म्हणून एक तर ती रिकामी करून बाहेरच, कुलपात, थंड राहू द्या. नाहीतर बंद पिशवीतच आत आणा आणि काही तास पिशवी उघडू नका.

नळी साफ करताना पहिलं काम म्हणजे रायफल रिकामी आहे याची डोळ्यांनी आणि बोटानंही खात्री करणं, आणि काडतुसं दुसऱ्या खोलीत ठेवणं. बोल्ट, म्हणजे काडतूस आत बंद करणारा सरकता दांडा, काढा, मागून बोअर गाइड, म्हणजे गज मधोमध धरणारी नळी, बसवा. गज एकसंध, कोटिंग केलेला हवा. तुकडे जोडून बनवलेल्या गजाचे सांधे नळीला घासतात. काजळी विरघळवणाऱ्या द्रावणात, म्हणजे सोलव्हंटमध्ये, भिजवलेली चिंधी मागून पुढं, चेंबरकडून (काडतूस बसतं त्या जागेकडून) तोंडाकडे ढकला. तोंडाबाहेर आली की काढून टाका, ती उलटी आत ओढू नका. १०-१५ मिनिटं सोलव्हंट मुरू द्या, मग ब्रश आठ-दहा वेळा फिरवा, मग कोरड्या चिंध्या. त्यानंतर गोळ्यांच्या आवरणाचं नळीत चिकटलेलं तांबं विरघळवणारं सोलव्हंट, बाटलीवर लिहिलंय तितकाच वेळ. अमोनिया असलेलं सोलव्हंट नळीत रात्रभर विसरलं तर पोलादाला खड्डे पडू शकतात. चिंधी निळी-हिरवी निघाली की तांबं अजून आहे. पण या टप्प्यावर ब्रॉन्झचा ब्रश वापरलात तर सोलव्हंट ब्रशचंच तांबं खातं, चिंधी निळीच येत राहते आणि तुम्ही स्वच्छ नळी घासत बसता. इथं नायलॉनचा ब्रश घ्या. शेवटी नळीत तेलाचा पातळ थर.

नळीच्या तोंडाची कड, क्राउन, जिवापाड जपा. तिथं ओरखडा गेला की नेम बिघडतो, आणि समोरून गज घालणाऱ्यांच्या रायफलीत हे सर्रास होतं.

डोंगरावर निघण्याआधी नळीतलं तेल कोरड्या चिंधीनं पुसून काढा. तेल लागलेल्या नळीतली पहिली गोळी इतरांपेक्षा वेगळ्या जागी जाते. साफसफाईनंतर दोन-तीन गोळ्या झाडून नळी स्थिरावू द्यावी आणि हंगामभर फार घासू नये. बर्फात किंवा चिखलात तोंडावर साध्या इलेक्ट्रिकल टेपचा तुकडा लावा. गोळीच्या पुढची हवाच तो उडवते, नेमावर परिणाम होत नाही. नळीत बर्फ किंवा चिखल अडकून गोळी सुटली तर नळी फुटू शकते.

बोल्टच्या आतलं ग्रीस थंडीत घट्ट होतं, काडतुसावर आदळणारी फायरिंग पिन हळू जाते आणि काडतूस उडत नाही. कडक थंडीआधी बोल्टचा आतला भाग ग्रीस काढून कोरडा करा, फार तर कोरडं वंगण लावा. चाप ओढूनही गोळी सुटली नाही, तर नळी सुरक्षित दिशेला धरून ३० सेकंद थांबा आणि मगच बोल्ट उघडा.

स्कोपच्या, म्हणजे नेमाच्या दुर्बिणीच्या, रिंगांचे स्क्रू बहुतेक वेळा १५ ते १८ इंच-पाउंडांनी आवळतात, पण निर्मात्याच्या पत्रकात वेगळा आकडा असेल तर तोच खरा. टॉर्कचा पाना घ्याच, कारण अंदाजानं आवळलं की नळकांडं चेपतं किंवा स्क्रू सैल राहतो. प्रवास झाला की १०० यार्डांवर तीन गोळ्या झाडून नेम तपासा. काचेवरची धूळ आधी फुंकणीनं उडवा, मग मऊ ब्रश, आणि ओलं कापड सगळ्यात शेवटी. सदऱ्याच्या टोकानं पुसलेल्या काचेवर धुळीचे कण ओरखडे पाडतात.

हंगाम संपल्यावर रायफल फोमच्या पेटीत ठेवून देऊ नका, फोम ओल धरतो. कुलूपबंद कपाटात, सिलिका जेलसोबत, तोंड खाली करून ठेवली तर तेल दस्त्याच्या लाकडात झिरपत नाही.

बूट, कपडे, सुरी

चामड्याचे बूट हीटरजवळ किंवा शेकोटीशी वाळवले की चामडं तडकतं आणि तळव्याचा डिंक सुटतो. आतला तळवा काढा, वर्तमानपत्राचे बोळे भरा, ते दर काही तासांनी बदला आणि खोलीच्या तापमानालाच वाळू द्या. चामडं जवळजवळ सुकलं की मेण, शिवणींवर जरा जास्त. वर्षानुवर्षं न वापरलेल्या बुटांवर भरवसा ठेवू नका. पॉलियुरेथेनचा मधला थर हवेतल्या दमटपणानं आपोआप कुजतो आणि नवाकोरा दिसणारा तळवा चालता चालता भुगा होतो. हंगामाच्या महिनाभर आधी पाठीवर ओझं घेऊन त्याच बुटांत चालून पाहा.

पावसाचं जॅकेट फॅब्रिक सॉफ्टनरमध्ये कधीच नको. त्याच्यासाठीच्या साबणानं धुवा आणि लेबलवर परवानगी असेल तर कमी आचेच्या ड्रायरमध्ये २० मिनिटं फिरवा. उष्णतेनं पाणी झटकणारा लेप पुन्हा जागा होतो. तरीही थेंब घरंगळत नसतील तर नवा लेप फवारा. मांसाच्या कापडी पिशव्या आधी थंड पाण्यात भिजवा, गरम पाण्यानं रक्ताचे डाग पक्के बसतात.

सुरी चामड्याच्या म्यानात साठवू नका, चामड्यातल्या ओलीनं पातं गंजतं. जिथं हरणांत आणि एल्कमध्ये क्रॉनिक वेस्टिंग डिसीज हा मेंदूचा जीवघेणा रोग आढळतो, तिथं मेंदू आणि कणा कापणं टाळा. शिकार दुसऱ्या राज्यात न्यायची असेल तर दोन्ही राज्यांचे नियम आधी पाहा. बहुतेक ठिकाणी हाडं काढलेलं मांस चालतं, पूर्ण धड चालत नाही. या रोगाचे प्रायॉन, म्हणजे रोग पसरवणारी विकृत प्रथिनं, उकळत्या पाण्यानं नष्ट होत नाहीत. सुरीवरचे मांसाचे सगळे कण घासून काढा, मग ४० टक्के घरगुती ब्लीच आणि ६० टक्के पाणी या मिश्रणात पातं ५ मिनिटं बुडवून ठेवा. कण चिकटलेले राहिले तर ब्लीच त्यांच्या आत पोचत नाही. बाहेर काढल्याबरोबर भरपूर पाण्यानं धुवा, कोरडं पुसा आणि तेल लावा, कारण ब्लीच पोलादालाही खातं.

अस्वलाला पळवून लावणारा तिखट फवारा सॅकच्या आत कोंबू नका, कमरेच्या किंवा छातीच्या पट्ट्यावर ठेवा. डब्यावरची मुदत पाहा आणि उन्हात तापलेल्या गाडीत तो सोडू नका, ५० अंशांच्या आसपास डबा फुटू शकतो.